ब्राउनीवरचा मूस कापताना घसरतो, जिलेटिन किती घालू?

जिलेटिनचं, म्हणजे पदार्थ घट्ट बसवणाऱ्या त्या प्राणिजन्य पुडीचं, नाव वाचलं आणि हातातलं काम टाकून उत्तर लिहायला बसलो. गेली सहा वर्षं आमच्याकडे चॉकलेटचा विषय निघाला की ताई एकच वाक्य ऐकवते, "मी तेव्हाच म्हटलं होतं, जिलेटिन घाल." आता तुमच्या निमित्ताने त्याचा निकाल लावतोच.

तुम्ही लिहिलंय की रात्रभर फ्रिजमध्ये ठेवूनही सुरी लावली की वरचा थर सरकतो आणि खाली ओलसर चिकट राहतं. म्हणजे तुमचा मूस, फेटलेल्या क्रीमचा तो हलका चॉकलेटी थर, सेट झालेला आहे. झाला नसता तर तो वाहिला असता. अख्खा थर एकसंध सरकतोय, तेव्हा घोळ मूसमध्ये नाही, मूस आणि ब्राउनी जिथे टेकतात तिथे आहे.

बाबांच्या साठाव्या वाढदिवसाला नेहमीचा केक नको, मी मूस ब्राउनी करतो, अशी फुशारकी मीच मारली होती. ब्राउनी झकास झाली. वर कागदासारखा चकचकीत पापुद्रा, आत ओलसर. ओव्हनमधून काढली तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. ट्रे काचेचा होता. काच तापायला वेळ घेते तशी निवायलाही घेते, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. साडेनऊला ताईने वरून बोट लावलं आणि म्हणाली, "गार आहे की, ओत आता, मला झोपायचंय." हे वाक्य आज घरात कोणालाही आठवत नाही. जिलेटिनचं मात्र सगळ्यांना पाठ आहे.

ओतला. वरून सपाट केला, फ्रिजमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी सगळे टेबलाभोवती जमलेले. पहिला काप नीट गेला. दुसऱ्याला सुरी जरा दाबली आणि अर्ध्या ट्रेवरचा मूस आडवा, अगदी शांतपणे, माझ्याकडे सरकत आला. भाऊजी टाळ्या वाजवायच्या बेतात होते, त्यांचे हात तसेच राहिले. बाबा म्हणाले, "वाटीत वाढ रे, पोटात एकच होणार आहे." ताईने तीन दिवसांचा बेकिंगचा वर्ग केलेला, त्यामुळे निदान तिथल्या तिथे झालं: जिलेटिन नव्हतं म्हणून.

पाहुणे गेल्यावर मी तो घसरलेला तुकडा उलटा करून पाहिला. वरचा मूस हलका, जाळीदार, बोट दाबलं की परत वर येणारा. तळाला मात्र जेमतेम दोन मिलिमीटरची गडद, तुळतुळीत पट्टी. बोटाला तेलकट लागली. ब्राउनीचा पापुद्राही तिला चिकटून सोबत आलेला.

त्या पट्टीतच सगळं आहे. फेटलेल्या क्रीममध्ये हवेचे बुडबुडे धरून ठेवतात ते चरबीचे थंड, अर्धवट घट्ट कण. खालून ऊब लागली की ते मऊ पडतात, बुडबुडे फुटतात आणि तळाचा मूस बसतो. फ्रिजमध्ये तो पुन्हा घट्ट होतो, पण गुळगुळीत होऊन. त्यावर वरचा थर घसरगुंडीवर बसल्यासारखा बसतो. जिलेटिननेही हे थांबलं नसतं, कारण जिलेटिन अंगाच्या उष्णतेच्याही आत विरघळतं, म्हणून तर जिभेवर वितळतं. ताई म्हणेल, फ्रिजमध्ये ते परत जमतं ना! जमतं. फुटलेले बुडबुडे परत येत नाहीत.

नुसतं बोलून थांबलो नाही. पुढच्याच महिन्यात एकाच ब्राउनीचे तीन भाग केले. एक कोमट असताना साधा मूस, एक कोमट असताना जिलेटिन घातलेला मूस, आणि एक रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून मग साधा मूस. पहिला घसरला. दुसरा जरा उशिरा घसरला, आणि तळाची पट्टी रबरासारखी झाली. तिसरा सरळ कापला गेला. फोटो ताईला पाठवले. तिने अंगठा दाखवला. कोणता अर्थ घ्यायचा ते आजतागायत कळलेलं नाही.

चॉकलेट मूसला घट्ट करतं ते कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांतली चरबी. एर्वे तिस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने नुसतं चॉकलेट आणि पाणी बर्फावर फेटून मूस करून दाखवला आहे. त्यात क्रीम नाही, अंडं नाही, जिलेटिनही नाही. मात्र चॉकलेट खरं हवं. कंपाऊंड चॉकलेटमध्ये कोको बटरच्या जागी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते, ते वापरून वर मूसला नावं ठेवू नका.

तर करायचं असं. ब्राउनी आदल्या दिवशी करा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. वरून बोट लावून ठरवू नका, ट्रेच्या बुडाला तळहात लावा. मूस ओतण्याआधी तो पापुद्रा चमच्याच्या मागच्या बाजूने हलका दाबून मोडा, गुळगुळीत राहिला तर मूस धरत नाही. मूसचं माझं माप: २०० ग्रॅम डार्क चॉकलेट, १२० मिली गरम क्रीम ओतून गनाश, आणि २४० मिली थंड क्रीम फेटून. क्रीममध्ये ३५ टक्क्यांच्या आसपास फॅट हवं. शेंडा उभा राहून टोक वाकलं की फेटणं थांबवा, अजून फेटलंत तर मूस रवाळ होतो. गनाश बोटाला ना गरम ना गार लागलं पाहिजे, साधारण ३५ अंश. गरम असेल तर क्रीम वितळतं, फार गार असेल तर चॉकलेटचे कण होतात. त्यात फेटलेलं क्रीम तीन वेळा थोडंथोडं घालून फोल्ड करा, म्हणजे हलक्या हाताने खालून वर घेत मिसळा. निदान सहा तास फ्रिज, कापण्याआधी अर्धा तास फ्रीजर, सुरी गरम पाण्यात बुडवून कोरडी पुसलेली, आणि प्रत्येक कापानंतर पुन्हा तेच. पुसायचा कंटाळा करणाऱ्यांनी थरांच्या भानगडीत पडू नये.

तुमचा प्रश्न खरं तर जिलेटिन किती, हा होता. वरच्या मापाला ३ ग्रॅम पुरे. १५ मिली थंड पाण्यात दहा मिनिटं भिजवा आणि गरम गनाशमध्येच विरघळवा, उकळू नका. व्हाइट किंवा मिल्क चॉकलेट असेल तर ते लागतंच म्हणा, ते मूस मुळातच मऊ. शाकाहारी खाणारे असतील तर जिलेटिन बाद. अगार (समुद्री शेवाळापासूनचं शाकाहारी जिलेटिन म्हणा) घालायचं तर ते उकळूनच विरघळतं आणि थंड क्रीमला भेटलं की लगेच गुठळ्या धरतं, सवय नसेल तर नका घालू. आणि हो, ट्रे फ्रिजबाहेर बराच वेळ राहणार असेल, त्यातून उकाडा असेल, तर डार्क चॉकलेटलाही जिलेटिनचा थोडा आधार बरा.

बाबांच्या वाढदिवशी फोटोंसाठी मी ट्रे पाऊण तास आधीच बाहेर काढून ठेवला होता. हे ताईला माहीत नाही.