प्लॅटिनमची नाणी विकताना धातूचा भाव धरायचा की संग्राहकांचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांनी जमवलेली एक-एक औंसाची अमेरिकन ईगल प्लॅटिनम नाणी घरात आहेत, डब्या आणि कागदही आहेत. मोठा भाऊ म्हणतो, आजचा प्लॅटिनमचा भाव बघू, थोडी घट धरू आणि देऊन टाकू, संग्राहक-बिंग्राहक सगळं थोतांड आहे. भावाचं बरोबर आहे का?

मी इथे एरवी नुसती वाचायला येते. पण ‘मोठा भाऊ’ वाचलं आणि राहवलं नाही. माझाही एक मोठा भाऊ आहे आणि त्यानेही माझं नाणं असंच ‘देऊन टाकलं’ होतं.

२००८ च्या शेवटी मी वकिलीची परीक्षा पास झाले. साठवलेले पैसे होते, सगळे म्हणाले दागिना कर. मी प्लॅटिनमची दोन नाणी घेतली. त्या वर्षी मार्चमध्ये प्लॅटिनम औंसाला २,२०० डॉलरच्या वर गेलं होतं आणि ऑक्टोबर संपेपर्यंत ८०० च्या आसपास आपटलं होतं. माझ्यासारखीला परवडलं ते त्या आपटण्यामुळेच. पहिलं नाणं साधं बुलियन ईगल, म्हणजे धातूच्या भावाने विकायला काढलेलं, साल २००८. दुसरंही २००८ चंच, पण बर्निश्ड, म्हणजे घासून तुकतुकीत केलेल्या चकतीवर पाडलेलं, अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंटच्या टाकसाळीचं बारीकसं ‘डब्ल्यू’ असलेलं. साध्या नाण्याच्या मागे उगवत्या सूर्यावरून उडणारा गरुड असतो. याच्या मागे गरुडासमोर उभी असलेली न्यायदेवता आहे, कारण त्या वर्षीचा विषय न्यायसंस्था होता. नुकती वकील झालेली मुलगी दुसरं काय घेणार?

आता गोम अशी की दोन्ही नाण्यांची पुढची बाजू एकच, स्वातंत्र्यदेवीचा चेहरा. वजन तेच, ३१.१ ग्रॅम. व्यास तोच, ३२.७ मिलिमीटर. शुद्धता तीच, ९९.९५ टक्के. साल तेच. समोरून बघितलीत तर आई आणि मावशी.

२०११ च्या उन्हाळ्यात माझं बाळंतपण झालं, त्यात गुंतागुंत झाली आणि पैसे लागले. मी अंथरुणावरून दादाला सांगितलं, कपाटातलं एक नाणं विकून ये, साधं आहे ते. ‘साधं’ म्हणजे कोणतं हे मी सांगितलं होतं असं मी म्हणते, नव्हतं सांगितलं असं तो म्हणतो. चौदा वर्षं झाली, निकाल लागलेला नाही. संध्याकाळी दादा आला, पाकीट उशाशी ठेवलं आणि खिशातून रिकामी प्लास्टिकची कॅप्सूल काढली. “हे त्यांनी घेतलं नाही. वजन करायचं म्हणून फोडून काढावं लागलं. तुला हवं असेल म्हणून आणलं.” मी डबी उघडायला सांगितली. आत टाकसाळीचं सर्टिफिकेट होतं, त्यावर न्यायसंस्थेबद्दल चार ओळी होत्या आणि खाचेत नाणं नव्हतं.

मी रडले. दादाला कळेचना काय झालं. तो म्हणाला (आणि हे वाक्य आमच्या घरात आता म्हणीसारखं वापरतात), “अगं, औंस तो औंस. वितळवल्यावर न्यायदेवता दिसणार आहे का?”

तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच वाक्यात आहे. वितळवलं तर नाही दिसणार. पण ते वितळवायला निघालंय कोण?

माझं नाणं कशामुळे वेगळं होतं ते सांगते, कारण तुमच्या डब्यांतही असं काही निघू शकतं. बर्निश्ड प्लॅटिनम ईगल फक्त तीन वर्षं निघाली, २००६, २००७ आणि २००८. २००८ चं एक औंसाचं नाणं विकलं गेलं अवघं २,८७६. त्याच वर्षीची साधी बुलियन नाणी २०,००० हून जास्त. न्यायदेवता लोकांना आवडली नाही म्हणून आकडा कमी राहिला असं नव्हे. वर्षाच्या सुरुवातीला धातू इतका महाग की कुणी हात लावेना, आणि स्वस्त झाला तेव्हा मंदीने लोकांचे खिसे फाटलेले. त्यातच टाकसाळीने जाहीर केलं की हा प्रकार आणि औंसापेक्षा लहान प्लॅटिनम नाणी पुढच्या वर्षापासून बंद. आधुनिक नाण्यांत दुर्मीळपणा असा उलटा येतो. निघाली तेव्हा ज्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, ती पुढे सापडत नाहीत. ज्यांच्यासाठी रांगा लागल्या ती घरोघरी डब्यांत पडून असतात, त्यांना भाव कुठून येणार?

म्हणून नाण्यावर ‘स्मारक’, ‘मर्यादित आवृत्ती’ असं काही छापलं असेल तर हुरळून जाऊ नका. सोव्हिएत युनियनने मॉस्को ऑलिंपिकसाठी १९७७ ते १९८० मध्ये अर्ध्या औंसाची १५० रूबलची प्लॅटिनम नाणी काढली. इतिहास केवढा! पण त्यांची किंमत प्लॅटिनमच्या भावाला धरूनच हलते. आयल ऑफ मॅनचं नोबल नावाचं नाणं १९८३ मध्ये आलं, आधुनिक बुलियन प्लॅटिनम नाण्यांत ते पहिलं. त्या पहिलेपणाचेही पैसे फारसे मिळत नाहीत. कॅनडाचं मेपल लीफ आणि ऑस्ट्रेलियाचा कोआला तर मुळात धातू विकण्यासाठीच काढलेले, ते धातूच्याच भावाने जाणार, त्यात रडण्यासारखं काही नाही. तुमच्यातली साधी, ‘डब्ल्यू’ नसलेली ईगल असतील ती भावाला खुशाल विकू द्या.

प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेल्या नाण्यांचं प्रकरण जरा किचकट आहे. आरशासारखी पार्श्वभूमी, त्यावर दुधट उठाव, लाकडी नाहीतर मखमली डबी, त्यामुळे ती बघूनच माणूस भाव चढवतो. पण १९९७-९८ ची प्रूफ भरपूर निघाली आहेत आणि प्लॅटिनमचे संग्राहक सोन्या-चांदीच्या मानाने मूठभर. भाव नाणी किती आहेत यावर नाही, घेणारे किती आहेत यावर ठरतो, हे माझ्यासारख्या भावनाप्रधान लोकांनी भिंतीवर लिहून ठेवावं. २००९ ते २०१३ मध्ये बुलियन निघालंच नाही, फक्त प्रूफ निघाली, आणि २००९ ची तर ८,००० वरच थांबवली होती. ती वेगळी काढून ठेवा. २००७ च्या प्रूफमध्ये तर एक मजाच आहे. ढालीवरचा ‘फ्रीडम’ हा शब्द बहुतेक नाण्यांवर चकचकीत आहे, पण मोजक्या नाण्यांवर तो दुधट राहून गेला. तेवढ्या एका शब्दासाठी लोक वेडे होतात. भिंग घ्या आणि बघा. दादा इथे असता तर म्हणाला असता, शब्दाचं वजन किती?

आणि ते ७० पैकी ७० गुण दिलेलं, प्लास्टिकच्या पट्टीत बंद केलेलं नाणं! पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून गुण देणाऱ्या कंपन्यांची पट्टी असली की नाणं खरं आहे याची खात्री मिळते, त्यासाठी जरूर करून घ्या. पण आधुनिक नाणी टाकसाळीतूनच इतकी नेटकी येतात की बहुतेकांना ६९ नाहीतर ७० मिळतात. त्या एका गुणासाठी जास्तीचे पैसे मोजणं हा माझ्या मते शुद्ध मूर्खपणा आहे. (माझ्या नवऱ्याने मोजलेत.)

खोट्या नाण्यांची धास्ती असेल तर प्लॅटिनमवाल्यांनी सोन्यावाल्यांपेक्षा निवांत झोपावं. सोन्यात टंगस्टन घालून फसवता येतं, कारण दोघांची घनता जवळजवळ सारखी, १९.३ च्या आसपास. प्लॅटिनमची २१.४५. तेवढा जड आणि स्वस्त असा धातूच नाही, त्यामुळे वजन बरोबर ठेवलं तर खोटं नाणं जाड नाहीतर रुंद होतंच. तराजू आणि जाडी-रुंदी मोजायचा व्हर्नियर पुरतो. तेही कॅप्सूल न फोडता जमतं का ते आधी बघा. प्रूफवर बोटाचा ठसा उमटला आणि तुम्ही तो कापडाने पुसलात, तर संग्राहकाचे पैसे तिथेच संपले. दादाच्या त्या व्यापाऱ्याने माझं नाणं काचेच्या काउंटरवर टण्णकन वाजवून बघितलं होतं म्हणे. हे मला वहिनीने नंतर सांगितलं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

आता दादाची बाजूही लिहिते, नाहीतर तो हे वाचेल आणि फोन करेल. त्याने विकलं तेव्हा भाव १,७०० च्या वर होता. पुढे प्लॅटिनम घसरत गेलं, २०१५ मध्ये हजाराच्या खाली आलं आणि २०२० च्या मार्चमध्ये ६०० च्या आसपास होतं. म्हणजे त्याने मोडीच्या भावात विकलं तरी माझे दुप्पट झाले, आणि त्याच पैशांतून माझं हॉस्पिटलचं बिल भागलं. शिवाय धातूचा भाव रोज सकाळी असतोच, संग्राहक मात्र रोज दारात उभा नसतो. मला हे २०१९ मध्ये उलट्या बाजूने कळलं. तेच नाणं परत घ्यायचं म्हणून शोधायला लागले, तर चार महिने एकही मिळेना. मिळालं त्याचा मालक धातूच्या दीडपटीच्या वर मागत होता आणि एक पैसा सोडत नव्हता. मी घेतलं नाही. पण तोच मालक मला आधी म्हणाला होता की वर्षभरात त्याला विचारणारी मी दुसरीच. कॅटलॉगमध्ये छापलेली किंमत बघून मनात मांडे खाल्लेत, तर विकताना त्यातले बरेच कमी होतात. व्यापारी स्वतःचा वाटा काढणार, आणि प्लॅटिनममध्ये घेण्या-देण्यातलं अंतर सोन्यापेक्षा मोठं असतं.

अजून एक, हे आधीच लिहायला हवं होतं. धातू चढला की संग्राहकांचा जास्तीचा भाव त्यात बुडून जातो. २०२५ च्या सुरुवातीला प्लॅटिनम ९०० च्या आसपास होतं, वर्षाच्या मध्यापर्यंत १,३०० च्या पुढे गेलं. जानेवारीत ज्या प्रूफला धातूवर चांगला तिसरा हिस्सा जास्त मिळत होता, त्याच नाण्याला उन्हाळ्यात नुसत्या धातूचेच तेवढे पैसे आले. अशा वेळी सामान्य प्रूफ धातूच्या भावाने विकणं हे शहाणपणाचंच आहे. तेवढ्यापुरतं तुमच्या भावाचं बरोबर. बर्निश्ड ‘डब्ल्यू’ना मात्र हे लागू नाही, आणि माझ्या दादाला तर मुळीच नाही, कारण त्याने मागची बाजू उलटून बघितलीच नव्हती.

त्या भाववाढीत दादाचा फोन आला होता. “ते दुसरं विकू का आता?” दुसरं म्हणजे साधं, गरुडवालं. व्यास सारखा असल्यामुळे मी ते न्यायदेवतेच्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये ठेवलंय, डबीही तिचीच, सर्टिफिकेटही तिचंच. मी म्हटलं, विक, पण कॅप्सूल परत आण. तो म्हणाला, “मागच्या वेळीही आणली होतीच की.”

तुमच्या प्रत्येक नाण्याचं साल आणि मागच्या बाजूचं चित्र इथे लिहा, ‘डब्ल्यू’ आहे की नाही तेही, म्हणजे एकेक करून सांगते. तोवर भावाला डब्यांची किल्ली देऊ नका.