गोळी सुरू झाली आणि आई गोंधळू लागल्या

“मॅडम, डिप्रेशनची गोळी सुरू केल्यापासून आई जास्तच बिघडल्यात. गोळी बंद करू का?” नौपाड्यातल्या एका सूनबाईंनी मे महिन्यात विचारलेला हा प्रश्न घरात वृद्ध माणूस असलेली अनेक कुटुंबे मला विचारतात.

सासूबाई 72 वर्षांच्या. पती गेल्यानंतर खचलेल्या या बाईंना मानसोपचारतज्ज्ञांनी एस्सिटालोप्राम ही नैराश्यावरची गोळी सुरू करून माझ्याकडे समुपदेशनासाठी पाठवले होते. तिसऱ्या आठवड्यात त्या दिवसभर पडून राहू लागल्या, जेवण नको म्हणू लागल्या. हे नैराश्यच वाढले असावे, असे आधी मलाही वाटले. मात्र चालताना त्यांचा तोल जात होता आणि आदल्या संध्याकाळी त्यांनी सुनेला आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारली होती. स्मृतिभ्रंश सहसा असा चार दिवसांत येत नाही. औषधाचा निर्णय माझ्या अधिकारातला नसल्याने मी लगेच त्यांच्या डॉक्टरांना फोन केला. त्याच दुपारी केलेल्या तपासणीत रक्तातले सोडियम 121 निघाले. ते 135 ते 145 असायला हवे. ते इतके उतरले की सुस्ती, तोल जाणे आणि गोंधळ असा त्रास होतो.

एस्सिटालोप्रामच्या गटातल्या गोळ्यांमुळे काही वृद्धांचे शरीर पाणी धरून ठेवते आणि रक्तातले सोडियम विरळ होते. हा धोका पहिल्या काही आठवड्यांत अधिक असतो. त्यातच या बाईंच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे हायड्रोक्लोरोथायझाइड होते, जे स्वतःही सोडियम उतरवते, आणि ठाण्याचा उकाडा सोसवत नाही म्हणून सूनबाई मायेने तासातासाला पाणी पाजत होत्या. त्यांना फार अपराधी वाटले. पण हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

“मग मीठ वाढवू का?” हा त्यांचा पुढचा प्रश्न. घरी मीठ वाढवणे, पाणी तोडणे किंवा गोळी अचानक थांबवणे, यांतले काहीही स्वतःच्या मनाने करू नये, कारण रुग्णालयातही सोडियम सावकाशच वाढवावे लागते. ते झपाट्याने वाढले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

डॉक्टरांनी दोन्ही औषधे बदलली. नैराश्यासाठी आता मिर्टाझापिन आहे, ज्यात हा धोका तुलनेने कमी असतो, तरीही रक्ततपासणीच्या तारखा सूनबाईंनी कॅलेंडरवर लिहून ठेवल्या आहेत. गेल्या भेटीत सासूबाई पतीविषयी प्रथमच मोकळेपणाने बोलल्या आणि रडल्या.