हात धुताना मुलगा प्रत्येक पायरीला माझ्या सांगण्याची वाट बघतो. ही सवय कशी सोडवू?

तुम्ही लिहिलंय की मुलगा ६ वर्षांचा आहे, ऑटिझम आहे, हात धुण्यातलं सगळं त्याला जमतं, पण "नळ सोड", "साबण घे" असं दरवेळी म्हटल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. थेरपिस्टनी याला 'प्रॉम्प्टवर', म्हणजे दुसऱ्याच्या सूचनेवर किंवा मदतीवर, 'अवलंबून' म्हटलं आणि तुम्हाला धसका बसला. मी थेरपिस्ट नाही, अशाच एका मुलाची आई आहे. माझा आता १४ वर्षांचा आहे. आम्ही काय केलं ते सांगते.

त्याला येत नाही म्हणून तो थांबत नाही. त्याच्या लेखी तुमचं "साबण घे" हीसुद्धा हात धुण्यातलीच एक पायरी आहे. आधी नळ, मग आईचा आवाज, मग साबण. म्हणून तोंडी सूचना द्यायला सगळ्यात सोपी आणि काढायला सगळ्यात चिवट. धरलेला हात हळूहळू सैल करता येतो, मनगटावरून कोपरावर, कोपरावरून खांद्यावर नेता येतो. शब्द अर्धा कसा बोलणार? माझ्या नवऱ्याने "सा..." एवढंच म्हणून बघितलं. मग पोरगं त्या "सा..."ची वाट बघायला लागलं!

तेव्हा सुरुवातीला एकदाच "हात धू" म्हणा आणि तोंडाला कुलूप लावा. त्याच्या मागे उभ्या राहा. समोर उभं राहिलं की तो साबणाकडे न बघता तुमच्या चेहऱ्याकडे बघतो. तो अडला की न बोलता त्याचा हात साबणाकडे न्या. तोंडी सांगण्यापेक्षा हात धरणं ही जास्त मदत झाली, मग हे उलटं नाही का, असं मलाही वाटलं होतं. पण जास्त मदत चालते, तिला उतरायला जिना हवा.

आता तो जिना. पहिले दोन-तीन दिवस क्षणभरही न थांबता मदत करा. मग मनात २ मोजून, नंतर ४ मोजून. एबीएमध्ये, म्हणजे वर्तनशास्त्रावर आधारलेल्या शिकवण्याच्या पद्धतीत, याला टाइम डिले म्हणतात. त्या मोजण्याच्या वेळात तो एक दिवस स्वतःच हात पुढे करतो. तेव्हा लगेच, तिथल्या तिथे, त्याला जे सगळ्यात आवडतं ते द्या. आमच्याकडे साबणाचे फुगे होते. मदतीने केलं तर नुसतं "छान". हा फरक ठेवला नाही तर त्याने स्वतःहून का करावं? तुम्ही करून देताच आहात.

नवीन गोष्ट शिकवताना मात्र थांबून बघू नका. आधी पूर्ण मदत आणि मग ती कमी करत जाणं, म्हणजे चुकीचीच सवय लागत नाही. १९६३ मध्ये हर्बर्ट टेरेस या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांना लाल-हिरव्या रंगातला फरक जवळजवळ एकही चूक होऊ न देता शिकवला होता, तिथून ही कल्पना रुजली. कबुतरांवरून आपल्या पोरांवर येणं काहींना खटकतं, मलाही जरा खटकतं. चड्डी घालायला आम्ही शेवटाकडून शिकवली: गुडघ्यापर्यंत मी चढवायची, वर तो ओढायचा. म्हणजे काम पूर्ण केल्याचा आनंद रोज त्याचाच. मग घोट्यापासून, मग जमिनीवरून.

घरच्यांचं बघा. तीन आठवडे मी गप्प राहिले आणि सासूबाई स्वयंपाकघरातून, "अरे, साबण लाव की रे!" त्यांना गप्प बसा म्हणणं मला जमलं नसतं. मी त्यांच्या हातात कागद-पेन्सिल दिली: त्याने स्वतःहून केलं तर बरोबरची खूण, मदत लागली तर 'म'. दुसऱ्या दिवसापासून त्याच मला दटावायला लागल्या, "तू का बोललीस मधे?"

एक गोष्ट मी उशिरा शिकले. त्याने हात मागे ओढला तर सोडून द्या. १९६० च्या दशकात अमेरिकेत याच शास्त्राच्या नावाखाली ऑटिस्टिक मुलांना चापट्या मारल्या गेल्या, विजेचे धक्केही दिले गेले. आज मोठे झालेले ऑटिस्टिक लोक एबीएबद्दल रागाने बोलतात ते ऐकून घ्या, त्यात तथ्य आहे. हात धुणं त्याच्या उपयोगाचं आहे म्हणून शिकवायचं. टाळ्या वाजवू नको, डोळ्यांत बघ, असल्या गोष्टींसाठी मी हे वापरत नाही.

घरी जमलं की आजोळच्या मोरीत, शाळेच्या बेसिनवर, दाबायच्या नळावरही करून घ्या. नळ बदलला की आमचं सगळं पहिल्यापासून सुरू व्हायचं. परवाच एका लग्नाच्या हॉलमध्ये सेन्सरचा नळ होता, फिरवायला काहीच नाही. तो उभा, मागे माणसांची रांग. मी ४ मोजायचे विसरले आणि चक्क ओरडले, "अरे, हात खाली धर!"