आज काय करू, हे संध्याकाळी सातला ठरवायचं नसतं

चि. भाचेबुवा, अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास ना, की बायकोची बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा संपली, आता ती ऑफिसला जाणार आणि रात्रीचं जेवण मी बघणार, तर मावशी काहीतरी सोप्या रेसिप्या पाठव. पाठवते रे, पण रेसिप्यांनी तुझं काम होणार नाहीये हे आधीच सांगते. त्या युट्यूबवर ढिगाने पडल्यात, बघून बघून एखाद्या शनिवारी पनीर कुणीही करतं आणि सगळ्या ग्रुपवर फोटो टाकतं. रोजच्या जेवणाचं तसं नसतं. शिजवायला फार वेळ लागत नाही, वेळ जातो तो "आज काय करू" यात, आणि तोही नेमका ट्रेनमधून उतरून घामाघूम घरी पोचल्यावर, जेव्हा डोकं चालत नसतं, बाळ कडेवरून उतरत नसतं, फ्रीज उघडून माणूस नुसता उभा राहतो आणि मग हात आपोआप फोनकडे जातो, ऑर्डर करायला.

म्हणून पहिलं काम, वार लावून टाक. हे माझं डोकं नाही, आपल्या घरांत हे होतंच की. सोमवार, गुरुवार, शनिवार मासे नाहीत, बुधवार, शुक्रवार, रविवार आहेत, म्हणजे अर्धा आठवडा देवांनीच ठरवून ठेवलेला असायचा आणि बायकांचा तेवढा विचार वाचायचा. तू देवाचं करत नसशील तर नको करू, पण पद्धत उचल. पदार्थ नाही ठरवायचा, प्रकार ठरवायचा. सोमवारी खिचडी किंवा मसालेभात, असं एका भांड्यातलं काहीतरी. मंगळवारी कडधान्याची उसळ. बुधवारी अंडी. गुरुवारी पिठलं नाहीतर थालीपीठ, म्हणजे पिठाचं काहीतरी. शुक्रवारी मासे मिळाले तर मासे. शनिवारी फ्रीजमध्ये जे उरलंय ते, आणि रविवारी तुमची मर्जी. मंगळवार म्हणजे उसळ एवढं डोक्यात असलं की सोमवारी सकाळी मटकी आपोआप भिजत पडते. मटकी सकाळी भिजवायची, रात्री उपसून ओल्या फडक्यात बांधायची, मुंबईच्या उकाड्यात दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मोड येतात. विसरलास तर स्टेशनबाहेरच्या बायका मोड आलेले मूग, मटकी, वालाच्या सोललेल्या डाळिंब्या घेऊन बसलेल्या असतातच, सोललेला लसूण आणि निवडलेली मेथीसुद्धा. दोन पैसे जास्त जातात पण त्यांना घासाघीस करू नकोस प्लीज, त्यांनी तुझा अर्धा तास वाचवलेला असतो.

आम्ही तो अर्धा तास ट्रेनमध्ये वाचवायचो. चर्चगेट ते बोरिवली लेडीज स्पेशल १९९२ साली सुरू झाली, त्यात मी कित्येक वर्षं प्रवास केला, मटार सोलून, मेथी निवडून व्हायची, पिशवी बंद करून बोरिवलीला उतरायचं की घरी फक्त फोडणी. जेंट्स डब्यात तुला कुणी गवार मोडू देईल असं वाटत नाही, करून बघ, व्हिडिओ मात्र व्हायरल होईल.

आता दुसरी गोष्ट, ही जरा टोचेल. जेवण मी बघणार म्हणालास ना, मग तूरडाळ संपत आलीय हे कोणाच्या लक्षात येणार? कारण गॅससमोर उभं राहणं हा त्यातला सोपा भाग आहे. डब्याच्या तळाशी मूठभर डाळ उरलीय, दूध उद्याला पुरणार नाही, पीठ दळून आणायचंय, कोथिंबीर काळी पडायच्या आत संपवायचीय, हे जो डोक्यात घेऊन फिरतो ना त्याचं ते काम. तुझ्या काकांनी लग्नानंतर बरीच वर्षं उत्तम स्वयंपाक केला, पण मीठ कुठाय, जिरं संपलं का, आता यात काय घालू, असं मला दर पाच मिनिटांनी विचारत, मग मी हॉलमध्ये बसले काय आणि किचनमध्ये उभी राहिले काय, सारखंच. तू तिला विचारायचं नाहीस. फ्रीजवर एक कागद लाव, डबा अर्ध्यावर आला की लिही, पूर्ण संपल्यावर नाही, आणि शनिवारी त्याचा फोटो काढून वाण्याला व्हॉट्सॲप कर, तो घरी आणून देतो. ते दहा मिनिटांत सामान आणणारे ॲप आहेत ते अडीनडीला ठीक, पण त्यात जिरं मागवायला गेलास की चिप्स, चॉकलेट, कोल्ड्रिंक असं सगळं बरोबर येतं हे मी घरोघरी बघते.

संध्याकाळचा क्रम सांगते. दारातून आत आलास की हात धू, आधी कुकर लाव, मग कपडे बदल. चहासुद्धा नंतर. कुकर लागला की अर्धं जेवण झालं, त्या शिट्ट्या होईपर्यंत तू बाळाला घे, चहा पी, काय हवं ते कर. खाली डाळीचं भांडं, वर भाताचं, जागा असेल तर कडेला दोन बटाटे. डाळ अर्धा तास भिजलेली असली तर गॅस वाचतो, पण सकाळी भिजवून दिवसभर ओट्यावर ठेवू नकोस, आपल्याकडच्या हवेत आंबते, फ्रीजमध्ये ठेव. आणि डाळ-तांदूळ थेट कुकरमध्ये घालून खिचडी करशील तेव्हा पाण्यासकट अर्ध्याच्या वर भरायचा नाही, डाळीचा फेस वर येऊन शिट्टीत अडकतो. खिचडीला एक वाटी तांदूळ, पाऊण वाटी मूगडाळ, चार-पाच वाट्या पाणी, तूप-जिरं-हिंग-हळद, बास. मूगडाळ भिजवावी लागत नाही म्हणून ती आपली दोस्त.

पिठलं तर दहा मिनिटांचं काम. एक वाटी बेसन तीन वाट्या गार पाण्यात आधी कालवून घ्यायचं, गार हं, गरम पाण्यात थेट टाकलंस की गुठळ्या. फोडणीत लसूण, मिरची, कांदा, मग ते कालवलेलं ओतायचं आणि ढवळत राहायचं, झाकण ठेवून दोन वाफा. भात आणि वर कच्चं तेल, बरोबर कांदा फोडून. याला गरिबाचं जेवण म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस, पावसात तिकीट काढून लोक माळशेजला जातात आणि तिथे हेच खातात.

बाळ खायला लागलंय ना, त्याचं वेगळं काही शिजवत बसायचं नाही. त्याच कुकरमधला मऊ भात आणि वरण मीठ घालायच्या आधी, फोडणीच्या आधी वाटीत काढून घ्यायचं, घोटायचं, थोडं तूप. वर्षाचं होईपर्यंत मीठ-साखर नको आणि मध तर अजिबात नाही, एक वर्षाच्या आत मधातून एक वाईट जंतुसंसर्ग होऊ शकतो, त्यामुळे घरातलं कुणी कितीही म्हणालं की आम्ही चाटवला होता, काही झालं नाही, तरी तू ठाम राहा. (आमची ताई म्हणजे तुझी आईच म्हणणार आहे, हे पत्र तिला वाचून दाखवू नकोस.)

पोळ्यांचं काय, असं विचारशीलच. खालच्या पोळी-भाजी केंद्रातून आण. लाज वगैरे काही नाही त्यात. या शहरात बाहेरून जेवण घेणं म्हणजे हल्लीची थेरं असं वाटतं लोकांना, पण अख्खं गिरणगाव खानावळींवर जेवलंय, कोकणातून घाटावरून आलेले कामगार, गावी कुटुंब, इथे खोलीत दहा-बारा जण, त्यांना बायका घरातून जेवण करून घालायच्या. त्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तेव्हा चार पोळ्या विकत आणून तू कुठलीही परंपरा मोडत नाहीयेस. भाजी मात्र घरी कर, विकतच्या भाजीत तेल फार असतं.

रविवारचं थोडंसं. ते व्हिडिओ असतात ना, वीस काचेचे डबे, प्रत्येकात चिरलेली भाजी, रंगीबेरंगी, ते बघून रविवार घालवू नकोस. चिरलेल्या कांद्याचा वास अख्ख्या फ्रीजला लागतो आणि चिरलेली भेंडी तिसऱ्या दिवशी चिकट होते. फक्त जे कंटाळवाणं आहे तेवढं करून ठेव. लसूण सोलून, आलं-लसूण थोडं मीठ-तेल घालून वाटून. दाण्याचं कूट. नारळ खवून फ्रीझरमध्ये, छोट्या छोट्या डब्यांत, एका मोठ्या डब्यात ठेवलंस तर दगड होतो आणि मग सुरी घेऊन झटापट. आणि एक वाटण, अर्धा किलो कांदा चांगला लाल परतायचा, पाव किलो टोमॅटो, आलं-लसूण, तेल सुटेपर्यंत, गार करून वाटून ठेवलं की चार दिवस फ्रीजमध्ये राहतं. बुधवारी त्यात मालवणी मसाला घालून उकडलेली अंडी सोड, मंगळवारी तेच उसळीला, पाहुणे आले तर त्यातच पनीर. छोले-राजमा करायचा असेल तर रात्रभर भिजवणं आलंच, भिजवलेलं पाणी फेकायचं आणि राजमा पूर्ण शिजवायचा, अर्धाकच्चा राजमा पोटाला खरंच बाधतो.

उरलेल्या भाताबद्दल मी जरा कडक आहे. रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवायचा आणि सकाळी फोडणीला टाकायचा हे आपण सगळे करत आलो, पण भातात असे जंतू असतात की जे शिजवूनही मरत नाहीत, उबेत रात्रभर वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष परत गरम केल्यानेही जात नाही. मुंबईत रात्रसुद्धा उबदारच. म्हणून जेवण झालं की तासाभरात पसरट डब्यात काढून भात फ्रीजमध्ये, मग सकाळी खुशाल फोडणीचा भात कर, मोकळा पण छान होतो.

मासे जून-जुलैत महाग आणि कमी, कारण बोटींना बंदी असते, माशांच्या विणीचा काळ. तेव्हा सुक्या मासळीवर भागवायचं. जवळा मेमध्येच आणून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेव, कढईत कोरडा भाजायचा, पटकन धुवायचा, कांदा-मिरची-आमसूल घालून परतायचा, पंधरा मिनिटं. शेजारी शाकाहारी असतील तर खिडकी कुठली उघडायची हे तुझं तू बघ. बाकी पावसाळ्यासाठी वर्षभराचं धान्य भरायच्या भानगडीत पडू नका, तुमच्या वन बीएचकेत ना गच्ची ना ऊन, डाळ-रवा-पोहे महिन्याचेच आणायचे, रवा कोरडा भाजून ठेवायचा, किडे होत नाहीत. कांदे-बटाटे एका टोपलीत नको, बटाट्यांना मोड लवकर येतात. रात्री झोपताना सिंक रिकामं आणि कोरडं, ओला कचरा बंद डब्यात, झुरळांवर याच्याइतकं दुसरं औषध नाही, आणि सकाळी पाणी आलं की खरकट्यावरून भांडण नाही.

एखाद्या दिवशी काहीच झालं नाही तर दहीभात, पापड, लोणचं. कुणी उपाशी राहत नाही. तिने त्या दिवशी तोंड वाकडं केलं तर करू दे, तूही आजवर कितीदा केलं असशील.

भाजणी दळून आणलीय, या रविवारी येशील तेव्हा दोन किलो घेऊन जा. मागच्या वेळचा लोणच्याचा डबा अजून तुमच्याकडेच आहे, झाकणावर माझं नाव कोरलेलं आहे.

तुझी,
मावशी

ता.क. सिलिंडरची ती नारिंगी नळी बघ, त्यावर साल छापलेलं असतं. पाच वर्षं झाली असतील तर लगेच बदलून घे, चांगली दिसत असली तरी. आणि गॅसचा वास आल्यासारखा वाटला तर काडी पेटवून बघायची नाही, आधी रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, लाइटच्या बटणाला हात लावायचा नाही आणि एजन्सीला फोन.