कॅज्युअल्टीत धापा टाकत पेशंट आला की
हे बघ, केसपेपर नंतर, आधी त्याला उठून बसव, आडवं अजिबात नको करू, ऑक्सिजन लाव आणि नाव-गाव विचार, एका दमात वाक्य पुरं होत नसेल तर सिनियरला लगेच हाक मार. छातीत शिट्टी वाजली म्हणजे दमाच असं नाही हां, मी इंटर्न असताना एका आजोबांना नुसतं नेब्युलायझर देत बसलो आणि तोंडातून गुलाबी फेस यायला लागला, हार्ट फेल्युअर निघालं, बीपी २०० च्या वर! तिथे बीपी उतरवायला नायट्रोग्लिसरीन, लघवीवाटे पाणी काढायला लॅसिक्स, आणि मास्कमधून दाबाने हवा देणारं बायपॅप मशीन. जुना बिडीवाला सीओपीडी, म्हणजे धुराने फुफ्फुसं कायमची खराब झालेला असेल तर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, ८८ ते ९२ टक्के पुरे, १०० च्या मागे नको लागू. आणि दम्यावाल्याची छाती एकदम शांत झाली तर खूश नको होऊस, हवाच आत जात नाहीये.