पैशाच्या मोहात पडलेले पोलिस: आधी हे दोन चित्रपट बघा

पैशासाठी घसरणाऱ्या पोलिसांवरचे जुने हॉलिवूडपट बघायला सुरुवात कुठून करायची, असं विचारलंत तर पंधरा नावांची लांबलचक यादी सध्या बाजूला ठेवा. दोनच बघा, दोन्ही १९५४चे, कृष्णधवल, दीड तासाच्या आत संपणारे: ‘प्रायव्हेट हेल ३६’ आणि ‘पुशओव्हर’.

पहिला दिग्दर्शक डॉन सीगलचा. पाठलागात चोराची गाडी उलटते, नोटा वाऱ्यावर उडतात. गोळा करता करता एक पोलिस गड्डी खिशात सरकवतो. त्या क्षणी नोटांकडे नको, त्याच्या जोडीदाराच्या चेहऱ्याकडे बघा. सगळा चित्रपट तिथेच आहे! दुसऱ्यात समोरच्या फ्लॅटवर दुर्बीण लावून बसलेला पोलिस हळूहळू घसरत जातो.

नवीन माणूस हमखास करतो त्या चुका:
- मारामारीची वाट बघणं. बजेट तुटपुंजं, म्हणून मोजक्या खोल्या आणि रात्रीचे रस्ते; घुसमट त्यातूनच येते.
- भर दुपारी मोबाईलवर बघणं. मी केलंय, निम्म्या चौकटी नुसत्या काळ्या दिसल्या. दिवे घालवून बघा.
- वेग वाढवून बघणं. नकोच.

पुण्यात असाल, तर लॉ कॉलेज रोडला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जुना कृष्णधवल चित्रपट लागला की जरूर जा, कुठल्याही भाषेतला चालेल. सावल्या वाचायची सवय मोठ्या पडद्यावरच लागते.

दोन्ही झाले की सांगा, तिसरा मी सुचवतो.