समता वाढवली की स्वातंत्र्य कमी होतं का?

प्रश्नाखाली तुम्ही जोडलंय की सरकार समतेसाठी एकाचं काढून दुसऱ्याला देतं तेव्हा पहिल्याचं स्वातंत्र्य जातं, हे मान्य करायला लोक का घाबरतात. मी नाही घाबरत. जातंच. आमच्या आजोबांना जमीन मिळाली तेव्हा कुणाची तरी गेलीच होती.

नगर रस्त्याला, वाघोलीच्या पुढे, सव्वादोन एकर. आज आजूबाजूला टॉवर आहेत, तेव्हा ज्वारी आणि बाभळी होत्या. आजोबा तिथे कूळ, म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारे. मालक पुण्यात पेठेत राहायचे. सुगीला त्यांचा दिवाणजी यायचा आणि खंडाची पोती मोजून न्यायचा. 1948 चा कूळकायदा आला, पुढे 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी कसणारा कूळ मालक मानला जाणार आणि ठरलेली किंमत हप्त्यांनी फेडणार.

तर त्याच्या आधीच्या वर्षी दिवाणजी सुगी नसताना आला. हातात कागद. आपण राजीखुशीने जमिनीचा कबजा सोडत आहोत, असा मजकूर. आजी सांगायची, माणूस फार गोड बोलत होता. मालकांनी दुष्काळात खंड सोडला होता, धाकट्याच्या आजारपणात पैसे दिले होते, आता तुम्ही एवढं करा. जबरदस्ती अजिबात नाही. अंगठा द्यायचा की नाही याचं आजोबांना पूर्ण स्वातंत्र्य! फक्त बियाणं मालकाचं, बैलाचं कर्ज मालकाचं, आणि घर उभं होतं ती जागाही मालकाचीच.

आजोबांनी अंगठा दिला नाही. शौर्यबिर्य काही नव्हतं. त्या दिवशी त्यांना ताप होता, म्हणून 'उद्या या' म्हणाले, आणि रात्री चुलत आजोबांनी शाळेच्या मास्तरांकडून कागद वाचून घेतला. आसपासच्या बऱ्याच जणांनी अंगठे दिले होते. गोखले इन्स्टिट्यूटच्या वि. म. दांडेकर आणि खुदनपूर यांनी कायद्याच्या सुरुवातीच्या वर्षांची पाहणी करून 1957 साली अहवाल काढला. कुळांचे असले 'स्वखुशीचे' राजीनामे खरोखर स्वखुशीचे होते का, अशी शंका त्यांनाही आली होती. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी तो मुद्दाम शोधून वाचला. आमची आजी खोटं बोलत नव्हती एवढं कळलं.

आणि मालकांचं दुखणंही घटनेबाहेरचं नव्हतं. मालमत्तेचा हक्क तेव्हा मूलभूत हक्कांत होता, 1978 साली तो तिथून काढला. म्हणून तर 1951 च्या पहिल्याच घटनादुरुस्तीत हा कूळकायदा नवव्या परिशिष्टात टाकला, यादीत दुसऱ्या क्रमांकावर. मूलभूत हक्क मोडतो म्हणून कोर्टात तो पाडता येऊ नये, यासाठी. तेव्हा समता आणि स्वातंत्र्य यांची 'टक्कर आहे का' हा प्रश्न प्रजासत्ताकाच्या दुसऱ्या वर्षीच निकालात निघाला. टक्कर आहे.

आता आमच्या दादाकडे येते, कारण तुमचा प्रश्न अगदी त्याच्या तोंडचा आहे. दादा इंजिनियर, स्वतःच्या हिमतीवर वर आलेला, असं तो सांगतो. सरकारने समता समता करून हुशार माणसाचे हात बांधले, हे त्याचं पालुपद. बाबासाहेबांचं 25 नोव्हेंबर 1949 चं घटना समितीतलं भाषणही काढतो. समता असेल पण स्वातंत्र्य नसेल तर माणसाची उमेद मरते, असं ते म्हणाले होते, बरोबर. त्याच ठिकाणी त्यांनी हेही सांगितलं की समतेवाचून स्वातंत्र्य म्हणजे मूठभरांची बाकीच्यांवर सत्ता. ते दादाच्या कधी लक्षात राहत नाही. कुणाच्या जमिनीवर बसून बोलतो हेही नाही.

बाबा 2011 ला गेले. सातबाऱ्यावर आई, दादा, अक्का आणि मी अशी चार नावं चढली. 1956 च्या वारसा कायद्यापासून बापाच्या वाट्यात मुलगी वारस आहेच, 2005 च्या दुरुस्तीने तर वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मापासून हक्क दिला. आमच्या सातबाऱ्यावर कूळकायद्याच्या 'कलम 43 च्या बंधनास पात्र' असा शेरा होता, म्हणजे परवानगीशिवाय विकता येत नव्हती. 2014 साली कायदा बदलला. खरेदीला 10 वर्षं झाली असतील तर शेतसाऱ्याच्या 40 पट नजराणा सरकारला भरायचा, परवानगीची गरज नाही. शेतसाऱ्याच्या, बाजारभावाच्या नव्हे! दादाला एकदम आम्ही बहिणी आठवलो.

भाऊबीजेला ओवाळून झालं. ताटात साडी, आणि साडीखाली प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये हक्कसोडपत्र. 'राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय.' मी तो शब्द दोनदा वाचला. दादा म्हणाला, "सक्ती नाही गं, तुझी मर्जी." वहिनी आत गेल्या. आई म्हणाली, "माहेर ठेवायचंय ना तुला?"

मी 'उद्या' म्हटलं. तो उद्या अजून उजाडलेला नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, कुणाचं स्वातंत्र्य जातंय म्हणून ओरड झाली की आधी बघा, समोरचा 'नाही' म्हणू शकत होता का. म्हणू शकत नसेल तर गेलं ते स्वातंत्र्य नव्हतं, वट होती. माझ्याकडे पगार होता, धनकवडीत स्वतःचा फ्लॅट होता, म्हणून मी 'उद्या' म्हणू शकले.

हो, सगळेच मालक गब्बर नव्हते. कुणी विधवा त्या खंडावरच जगायची. विधवांसाठी कायद्यात मुदत लांबवण्याची सोय होती, तरी शेवटी जमीन सुटायचीच. त्यांचं नुकसान खरं होतं. आणि कुळाला जमीन देऊन वर विकायची बंदी घालणं हेही मला पटत नाही. स्पर्धा परीक्षेसाठी विचारत असाल तर ही दुसरी बाजूही लिहा, नाहीतर मार्क जातील.

अक्काने मात्र पुढच्याच आठवड्यात निबंधकाच्या कचेरीत जाऊन फोटो आणि अंगठा दिला. यंदा भावोजींच्या आजारपणात पैसे लागले तेव्हा तिने हळूच विचारलं, ते कागद मोडता येतात का. मी वकिलांना विचारलं. ते म्हणाले, नोंदवलेला दस्त मोडायचा तर दडपण किंवा फसवणूक सिद्ध करावी लागेल. अक्का बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दडपण काय सांगणार कोर्टात? आई नुसती चहा करत होती."